मारियाला मी दारातून परत पाठवलं

हे मी कुणाला बोललो नाही. मुलालाही नाही. विमल, माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं — आता गप्प राहून कुणाचं भलं करतोय मी?

मी सातवी शिकलेला, एसटीच्या वर्कशॉपातला फिटर. म्हातारपणी आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत क्लीव्हलंडला आलो. शेजारी मारिया. युरोपात स्लोव्हेनिया म्हणून छोटासा देश आहे, तिथली. या भागात तिच्या लोकांची जुनी वस्ती. चर्चमधली म्हातारी माणसं अजून आपलीच भाषा बोलतात. विमलला इंग्रजी येईना, तर मारिया सरळ स्लोव्हेनमध्येच सुरू झाली. आणि विमल शिकली की! सफरचंदाच्या रोलसाठी मळलेलं पीठ टेबलभर कापडासारखं पातळ ताणायचं, त्याला दोघी लागतात — समोरासमोर ओढता ओढता शिकली. दोघी हसायच्या. मला हसायच्या का? कोण जाणे. विचारलं तर विमल म्हणायची, "अहो, तुम्हाला एकच भाषा येते, तीही भांडायची." मी तिच्या कपात चहा ओतायला लागलो की मलाही सांगायची, 'सामो मालो' — थोडासाच.

मला ते खपत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशी ती तशी कधी हसली नव्हती.

मग कॅन्सर निघाला. शेवटी तिला घरी आणलं. मुलगा-सून कामावर, दिवसभर मी तिच्यापाशी. मारिया सूपचं भांडं घेऊन मागच्या दाराशी आली. मी हात आडवा धरला. ती म्हणाली, "सामो मालो." थोडाच वेळ — एवढंच मागत होती. मला कळलं. कळलं नाही असं दाखवलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी आली, तेव्हाही तेच. मग यायची थांबली. तिला वाटलं असणार, विमललाच भेटायचं नाही.

विमल विचारायची, "मारिया आली नाही का हो?"

आणि मी काय बोलावं? "तिला काय पडलंय तुझं? असेल तिच्या लोकांत."

रोज विचारायची. रोज हेच. मग तिने विचारणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला — खरं सांगतो — बरं वाटलं.

मैत्रिणीने टाकलं, असं समजून विमल गेली. ते खोटं होतं, आणि घरात ते एकट्या मला माहीत होतं.