शलोमीचं वजन

रूथ गावित खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली, शलोमी. दूध पिताना तिचे ओठ जांभळे पडायचे. नंदुरबारहून सुरतच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तेव्हा ती अठरा दिवसांची होती.

हृदयाचा एकच कप्पा नीट काम करत होता. डॉक्टरांनी स्कॅनवरून शलोमीचं हृदय संगणकात उभं केलं होतं. पडद्यावर ते धडधडत होतं, आतलं रक्त फिरताना दिसत होतं. रूथचा नवरा विनोद पुढे सरकून बघत राहिला.

"ऑपरेशन आधी इथे करून बघतो," डॉक्टर म्हणाले. "एक बारीक नळी बसवायची आहे. साडेतीन मिलिमीटरची बसवली, की रक्त फुप्फुसांतच शिरतं, बाकी शरीराला उरत नाही. तीनची बसवली, तर फुप्फुसांना पुरत नाही."

"मग काय करायचं?" रूथने विचारलं.

"आत्ता वजन दोन किलो शंभर आहे. तीन किलो झालं, तर मोठी नळी झेपेल असं दिसतंय."

घरी रूथ दर दोन तासांनी वाटी-चमच्याने दूध पाजू लागली. चार चमच्यांतच शलोमीच्या कपाळाला घाम फुटायचा आणि ती दमून झोपायची. दर सोमवारी अंगणवाडीच्या काट्यावर वजन. दोन किलो एकशे चाळीस. पुढच्या सोमवारी तेवढंच. मग दोन किलो नव्वद ग्रॅम.

"झबलं काढू नको, तसंच मोज," सेविका रमिलाबाई हळूच म्हणाल्या.

रूथने झबलं काढलंच.

तिने फोनवर आकडा कळवला. डॉक्टरांनी नव्या वजनावर संगणकात पुन्हा ऑपरेशन करून बघितलं आणि दुपारी फोन केला. "दोन्ही नळ्यांना तेच येतंय, ताई. ऑपरेशनच्या टेबलावरच जाईल ती."

"मी काय करू?"

"दूध देत राहा."

गुरुवारी सकाळी दूध पाजतानाच शलोमी गेली.

माती देऊन परतल्यावर विनोद म्हणाला, "यंत्र नाही म्हणालं, म्हणून कोणी हात लावला नाही."

पडद्यावरचं ते हृदय रूथने डोळ्यांनी बघितलं होतं. ते खोटं सांगत असेल, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. विनोदसारखं कोणावर तरी चिडता आलं असतं, तर बरं झालं असतं.