लेकीची पाठ आणि इंग्लंडची पोरं

माझ्या लेकीच्या पाठीचं हाड मी मोडलं. डॉक्टर असं म्हणत नाहीत, नवरा म्हणत नाही, लेक तर मुळीच म्हणत नाही. पण मला माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते तोंड वर करून सांगायची आमच्याकडं पद्धत आहे, म्हणून सांगते.

लेक सतरा वर्षांची. फास्ट बॉलर. तेही ‘मुलीच्या मानानं फास्ट’ असलं काही नव्हे. गल्लीतली दाढी फुटलेली पोरं तिच्यासमोर बॅट धरायची वेळ आली की एकमेकांना “तू जा, तू जा” करायची. उंची बापाची, खांदे माझे. मी खानावळ चालवते. राधानगरी, गारगोटी, इचलकरंजी, कुठली कुठली कॉलेजची पोरं माझ्याकडं जेवतात. त्यांच्यातल्याच एकानं तिला अंगणात बॉलिंग करताना बघितलं आणि म्हणाला, “मावशी, हिला मैदानावर घाला, न्हायतर ही भिंत पाडंल.” मी दुसऱ्याच दिवशी घातली. तिथल्या सरांनी दोन बॉल बघितले आणि सांगितलं, “रोज पाठवा.”

आता माझी चूक सांगते. माझे वडील पैलवान. पहाटे मागच्या परड्यात बैठका मारायचे आणि मोजायला मला बसवायचे. शंभर झाल्या की एक चिंचोका बाजूला सरकवायचा. दहा चिंचोके झाले की मी ओरडायचे, “हजार!” आणि वडील म्हणायचे, “आनि शंभर.” आमच्या घरात मोजणं म्हणजे एवढंच, काल झालं त्याच्यापेक्षा आज जास्त. कुणाचं अंग दुखलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “दुखतंय म्हंजे मेहनत लागू पडली.” तालमीत पोरींना कोण घेतंय? माझ्या अंगात जे होतं ते अंगातच राहिलं. त्याचा राग मला अजून आहे आणि मी तो लपवत नाही.

तो सगळा मी लेकीच्या मेहनतीत ओतला. पहाटे तीनशे बैठका, मग मैदानावर सरांचा सराव, आणि संध्याकाळी घरी आली की भिंतीवर खडूनं ओढलेल्या स्टंपांवर आणखी बॉलिंग. वर दूध, बदाम, भिजवलेले हरभरे. मी परड्यात पाट टाकून बसायचे. “आज साठच? काल सत्तर होते की! घाल आनि दहा.” पोरगी बिचारी घालायची. दिवाळीनंतर म्हणायला लागली, “आई, कंबर लई दुखतीया.” मी तेल चोळलं आणि वडिलांचं तेच वाक्य तिच्या तोंडावर मारलं.

डिसेंबरात एका सकाळी तिला बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. पायरीवर बसली होती, एक बूट पायात, एक हातात. रडत नव्हती, नुसती ओठ दाबून बसलेली. 

एमआरआय काढला. मणक्याच्या खालच्या भागात हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी विचारलं, “आठवड्याला किती बॉल टाकते?” मी ताठ बसून सांगितलं, “सहाशेच्या वर. एक दिवस खाडा न्हाय!” शाबासकी मिळणार असल्याच्या थाटात. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, सहा महिने बॉल टाकायचा नाही. परत एमआरआय काढू. हाड जुळलेलं दिसलं तर हळूहळू सुरू करायचं. जुळायच्या आधी टाकला तर चीर आरपार जाऊ शकते, मग बॉलिंग विसरा.

“आनि जुळलं तर?”

“तर बरीच वर्षं टाकेल. पण घरच्यांनी धीर धरला पाहिजे.”

घरच्यांनी म्हणजे कुणी ते मला कळलं. बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये ढसाढसा रडले. नवरा म्हणाला, “गप, लोक बघत्यात.” बघू देत की!

मग सुरू झाले ते लांबलचक दिवस. लेकीनं सतरंजीवर पडून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायचे, उरलेला वेळ मोबाईल. त्या मोबाईलमधनं इंग्लंडची पोरं आमच्या घरात कधी शिरली ते कळलंच नाही. त्यांचे जुने नावाजलेले बॉलर निवृत्त झाले होते आणि आता नवी फळी उभी राहत होती, असं लेक मला समजावून सांगायची. विशी-बाविशीची पोरं, ताडमाड, नाकावर पांढरं मलम फासलेली. त्यांची नावं माझ्या जिभेवर काही बसेनात. मग मीच ठेवली. एक शेंगेसारखा सरळसोट, तो शेवग्या. एकाचे केस तांबडे, त्याचं नाव रस्सा. लेक म्हणायची, “आई, जरा लाज बाळग, ती उद्या देशाकडनं खेळणार हाईत.” खेळू देत, मी काय नको म्हणते?

एप्रिलमध्ये तिथले काउंटी सामने, म्हणजे त्यांच्या जिल्ह्याजिल्ह्यांचे, सुरू झाले. तिथं सकाळी खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडं दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तोवर माझी भांडी आवरून झालेली. मोबाईल तांब्याला टेकवून आम्ही दोघी बघत बसायचो. एका दुपारी शेवग्या असा पेटला की काय सांगू! दोन विकेट काढल्या, तिसऱ्याच्या कानाजवळनं बॉल नेला. आणि कॅप्टननं त्याला काढून दुसऱ्याच्या हातात बॉल दिला. मी उसळले. “आरं बाबा, आत्ता कुठं अंग गरम झालंय त्याचं! मेल्या, काढलास कशाला?”

लेक हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. म्हणाली, “आई, त्याचे आजचे बॉल संपले.”

“संपले म्हंजे?”

तेव्हा तिनं मला नीट सांगितलं. शेवग्याच्याही पाठीला तसलीच चीर गेली होती, बरोबर तिथंच. आदल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा तो बाहेर बसून होता. तसं तिथल्या बऱ्याच पोरांचं होतं. अंगात वेग लवकर येतो आणि हाडं मागनं पक्की होतात. म्हणून ती माणसं प्रत्येक बॉल लिहून ठेवतात, सरावातलासुद्धा. ठरलेला आकडा आला की बॉल काढून घेतात. मग विकेटा पडत असल्या तरी काढून घेतात.

म्हणजे मोजतात तर तीही. पण आम्ही मोजायचो ते वाढवायला, आणि ती माणसं मोजतात ते थांबवायला. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली आणि लेकीचं हाड मोडावं लागलं. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. त्याच दुपारी मी ठरवलं, डॉक्टरांच्या तारखेच्या आधी एक बॉल नाही. देव खाली उतरून म्हणाला तरी नाही.

देव नाही आला. मे महिन्यात जिल्ह्याचं सिलेक्शन आलं. पावसाच्या आत उरकायचं म्हणून तारीख अलीकडं घेतलेली, आमच्या एमआरआयच्या बरोबर पंधरा दिवस आधी. लेक म्हणाली, “आता अजिबात दुखत न्हाय.” मी म्हणाले, न्हाय. ती म्हणाली, वर्ष वाया जाईल. मी म्हणाले, जाऊ दे. मग ती किंचाळली, “आधी तूच टाकायला लावलीस, आनि आता तूच टाकू देईनास!” खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी भाकरी थापत राहिले. दोन दिवस ती जेवली नाही. साठ पोरांना वाढायचं आणि पोटची पोर उपाशी! तरी मी म्हणाले, “रुसलीस तरी न्हाय, उपाशी राहिलीस तरी न्हाय.” तिसऱ्या दिवशी ताट ओढून घेतलं आणि म्हणाली, “मग चल मैदानावर. येत न्हाय म्हणून सरांना मी सोता सांगते.”

गेलो. सिलेक्शनचाच दिवस, डॉक्टरांची फाईल माझ्या पिशवीत. सर माणूस चांगला. त्यांनी फाईल बघितली, हळहळले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, ही कशी टाकते मला माहीत आहे. पण निवडायला बाहेरची माणसं आलीत, त्यांना दिसायला नको? सहा बॉल टाकू दे. नाव लागेल. मग बसू दे घरी महिनाभर.” आणि त्यांनी लाल चकचकीत नवा बॉल लेकीपुढं धरला.

तिकडं दुसरी एक पोरगी टाकत होती. बरी टाकत होती, खोटं कशाला बोलू? पण निवडणारे माना डोलवायला लागले तशी माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ह्या बॉलला माना डोलवतात, मग माझ्या पोरीचा बघितला तर उभे राहतील! पाच महिने दातओठ खाऊन धरलेलं सगळं एका क्षणात सुटलं आणि मी म्हणाले, “टाक की. सहाच तर हाईत.”

मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. बॉल हातात घेतला, शिवणीवर दोन बोटं ठेवली, मनगटात फिरवला. तिनं बॉल परत सरांच्या हातात दिला.

“सर, पंधरा दिवसांनी एमआरआय हाय. त्याच्या आधी न्हाय.”

“नाव कापावं लागेल, बघ.”

“कापा.”

सरांनी यादीत रेघ ओढली. ती मी डोळ्यांनी बघितली.

येताना स्कूटर मी चालवत होते. डोळ्यांत पाणी येऊन रस्ता दिसेना, तशी कडेला घेतली. ती मागनं उतरली नाही. रडत होती तीही, मला पाठीवर कळत होतं. मग म्हणाली, “तू मघाशी टाक म्हणालीस.”

“व्हय.”

“परत म्हणू नगंस.”

“न्हाय म्हणायची.”

“आनि म्हणालीस तरी मी ऐकायची न्हाय.”

एरवी असं उलटून बोलली असती तर मुस्काटात ठेवून दिली असती. त्या दिवशी मी मागं वळून तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, “ऐकायचंच न्हाय माझं.”