पाणी उतरण्याचा महिना

लाँच सुटली तरी आबा काठावरून हलेनात. लग्न होऊन मी मस्कतला निघाले होते. ते ओरडून सांगत होते, "मे महिन्यात येत जा गं! पाणी उतरलं की ये!" कोयनेच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं तेव्हा आबा लहान होते. माणसं डोंगरात वर सरकली, गावदेवी खाली राहिली. मे महिन्यात तिचं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि चिखल तुडवत जाऊन दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा मान आमच्या घरचा.

आखातात आलेल्यांना ठाऊक आहे, इथल्या इंडियन स्कूलना सुट्टी जूनमध्ये लागते. आम्ही पोचेपर्यंत पावसाने जोर धरलेला असतो आणि देऊळ पुन्हा पाण्यात. लहानपणी दर मे महिन्यात पाहिलेलं ते देऊळ लग्नानंतर इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलं नाही.

आई गेल्यावर आबांना हट्टाने मस्कतला, अल् खुवैरमधल्या आमच्या घरी आणलं. कायमचे राहतील अशी माझी आशा. लेकीच्या घरी जेवायला संकोचायचे, पण होईल सवय म्हटलं. थंड हवा आवडेल म्हणून एकदा जबल अख्दरच्या डोंगरावर नेलं. वर सैक गाव, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, डाळिंबाच्या बागा. "महाबळेश्वरच की गं हे!" आबा खुशीत आले. जवळच धरण होतं. भिंतीवरून आत डोकावलं तर नुसते गोटे आणि तळाशी हिरवट डबकं.

"इथलं गाव कुठं हलवलं?" आबांनी विचारलं.

"कुठंच नाही. इथं कुणी राहतच नव्हतं, आबा."

ते भिंतीपासून मागे फिरले. मग म्हणाले, "मला तिकीट काढून दे पोरी. एप्रिल लागला."

मला रागच आला. जित्याजागत्या लेकीपेक्षा चिखलातलं देऊळ मोठं? तरी तिकीट काढून दिलं.

यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. "पाणी उतरलंय, पण गुडघं साथ देईनात. नैवेद्याला तू येतीस का?" मुलाच्या युनिट टेस्ट, नवरा दूर दुक्मला साइटवर, माझी रजा अडकलेली. "बघते, आबा," मी म्हणाले. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही. नैवेद्य राहिला.

जुलैत गेलो. अंगणातून जलाशय काठोकाठ दिसत होता. मुलाने विचारलं, "मम्मा, टेंपल व्हेअर आहे?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मी हात उचलला, आणि बोट नेमकं कुठे दाखवावं ते मला आठवेना.