गाणं कुठे येतं, मामांनी विचारलं होतं

सेतुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं, ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, आता त्यांना खरं सांगायचं राहिलंच. रडू नंतर आलं. मामांची मुलगी कमला फोनवर सांगत होती की झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, आणि मी मात्र एका कागदाचा विचार करत बसले होते.

सेतुमामांना कुंभकोणमबाहेर फारसं कोणी ओळखत नसेल, पण आमच्या कावेरीकाठी त्यांचं गाणं वाजल्याशिवाय लग्न लागत नाही. बँकेतली नोकरी सांभाळून ते ऑर्केस्ट्रात गायचे. स्वतःच्या लग्नात मामीसाठी त्यांनी तमिळमध्ये एक गाणं रचलं, चाल लावली, गायलं आणि हौसेने त्याची कॅसेटही स्वतःच काढली. मग बसमध्ये, चहाच्या दुकानात, मांडवात, जिकडेतिकडे तेच. मामी दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मामांनी ते गाणं म्हणणं सोडलं. शेजारच्या मांडवातून ऐकू आलं तर खिडकी लावून घ्यायचे.

आणि नेमकं तेच मला माझ्या व्हिडिओ गेमसाठी हवं होतं. पुण्यात मी आणि माझे दोन मित्र तो बनवतो आहोत. एक बाई मेणाची मूर्ती उराशी धरून कावेरी ओलांडते आहे, पलीकडे स्वामीमलैला त्या मेणावरून धातूची मूर्ती ओतणारा ओतारी वाट बघतोय... खेळणाऱ्याचं पाऊल चुकलं की ती बुडते. बुडताना हे लग्नाचं गाणं वाजतं, आणि ते संपलं की ती पुन्हा अलीकडच्या काठावर उभी राहते. शब्द, चाल, आवाज, ध्वनिमुद्रण सगळं मामांचंच, त्यामुळे परवानगी एकाच माणसाची हवी होती. पण करारात एक रकाना असतो, गाणं नेमकं कुठे वापरणार? मंगल गाणं मरणाला, आणि तेही मामीसाठी रचलेलं! सांगायची माझी छाती झाली नाही. मी लिहून टाकलं, 'नायिकेच्या प्रवासात.'

कागद घेऊन मी मामांकडे गेले. नेमका राहुकाळ लागला होता. "दीड तास बस गे. आत्तां सही करणें नहीं," मामा आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठीत. त्या दीड तासात मी दोनदा कॉफी प्यायले, कागद पिशवीतून काढला, परत ठेवला, परत काढला. मामा झोपाळ्यावर हलके झोके घेत होते. वेळ टळल्यावर त्यांनी कागदाच्या डोक्यावर गणपतीची खूण काढली आणि लग्नपत्रिकेला लावतात तशी चारही कोपऱ्यांना हळद लावली. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "पद्मा, पाट्ट कोठ येतें?" पाट्ट म्हणजे गाणं.

"प्रवासांत, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. मग "बरं" म्हणाले आणि सही केली. मी बस चुकेल म्हणून जवळजवळ पळालेच. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला गेले तेव्हा कमलाने तिचा जुना फोन माझ्या हातात दिला. "तमिळ तपासायला खेळ धाडलास नव्हे, तो ह्यांत अहे. अप्पा रोज खेळत." परवानगीआधीच गाणं घालून पाहिलेला तो कच्चा खेळ मी तिला पाठवला होता, हे मी विसरूनच गेले होते.

"सही केल्यावर?"

"नहीं गे. तूं कागद आणलास त्याच्या आधींपासून." ती हसत सांगायला लागली. "नदी ओलांडतच नहींत. मुद्दाम बुडवत तिज. अस्कं पाट्ट, शेवटपर्यंत, ऐकत. मग ती उठली की म्हणत, आली बघ..." पुढे तिला हसता येईना.

म्हणजे विचारलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. उत्तर त्यांच्याकडे होतं, ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आमचे वकील म्हणतात कागद पक्का आहे, काळजी नको. पण कागदाची भीती वाटतेय कोणाला! मामांनी मला माफ केलं होतं की ते मनातून दुखावले होते, हे आता कोण सांगणार? गेम अजून आम्ही बाहेर काढलेला नाही.

त्या दिवशी कमला आत गेल्यावर मी त्यांच्या झोपाळ्यावर बसले. फोनमध्ये ती बाई, मामांनी सोडली तशीच, अलीकडच्या काठावर उभी होती. मी तिला खोल पाण्यात नेलं. मामांचा तरुणपणचा आवाज खोलीभर झाला, आणि मी आमच्या घरच्या बोलीत, मोठ्याने म्हणाले,

"ती बुडते तेथ येतें, मामा."