भिंत कुणामुळं पडली

तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवण्याचं माझं ते अकरावं वर्ष. दुपारी मंगळवार पेठेतल्या घरातून निघायचं, रिकाम्या बाकांसमोर बोलायचं आणि घसा बसवून परत यायचं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कायम होण्याची आशा मी सोडली होती.

वर्गात चारच जण. त्यांत माझ्याहून वयानं मोठ्या एक बाई होत्या. कागलला दिराचं किराणा दुकान सांभाळून बी.ए. करत होत्या.

त्या दिवशी मी जुन्या वहीतून सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच पाद्र्याचं मत वाचून दाखवत होतो. देव जग चालवतो ते मोजक्या, सगळीकडे सारख्या नियमांनी. एकेका घटनेसाठी तो वेगळी इच्छा करत नाही. म्हणून पाऊस पेरलेल्या रानात पडतो, तसा समुद्रातही पडतो.

बाईंनी हात वर केला. "सर, म्हंजे भिंत भिजली म्हणून पडली. कुणाला मारायचं म्हणून देवानं पाडली न्हाय. असंच म्हणतोय न्हवं ह्यो?"

"साधारण तसंच."

बाकीचे गेल्यावर त्या थांबल्या. नऊ वर्षांपूर्वी गोदामाची भिंत अंगावर पडून त्यांचे यजमान गेले. त्या सकाळी अंगात ताप होता म्हणून बाईंची गळ्यातल्या इष्टलिंगाची रोजची पूजा चुकली होती. तेव्हापासून सासूबाई म्हणायच्या, तुझ्यामुळं गेला.

"मलाबी तसंच वाटायचं की, सर."

मी घाईनं म्हणालो, "हे एकाचं मत आहे. देव असा लांब राहिला तर आपल्याकडं लक्ष कोण देणार, असं विचारणारेही होते."

"इचारतील की. त्यांच्या घरात सासू नसंल."

मग त्या बाकावर बसून रडल्या.

पुढच्या तासाला त्यांनी सांगितलं, सासूबाईंना सगळं ऐकवलं. सासूबाई आधी चिडल्या, शिकून लई शाणी झालीस म्हणाल्या. मग भाकरी थापता थापता मधेच थांबून त्यांनी विचारलं, "तुझा मास्तर खरंच असं म्हणाला?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"व्हय म्हटलं."

त्यानंतर त्या घरात भिंतीचा विषय निघाला नाही. बाई पास झाल्या. मी तोच पाठ आणखी सहा वर्षं शिकवला, पुढं विद्यार्थी नाहीत म्हणून विषयच बंद झाला. त्या पाद्र्याचं मला स्वतःला कधीच पटलं नव्हतं. बाईंना ते सांगायचं मात्र मी टाळलं.