नातवाऐवजी मी खोलीवर गेलो

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. लालबागच्या चाळीतून वळकटी काखेत मारून मी जिना उतरलो, तेव्हा मागून माझी पत्र्याची पेटी घेऊन नातू ओंकार येत होता. मुलगा सुरेश कठड्याला धरून उभा. शेजारपाजारचे दारात आले होते. सगळ्यांना वाटलं होतं, जाणार तो नातू.

गावाकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडं आलेल्यांनो, तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला. चुकलं तर चुकलं.

ओंकार बारावीला नापास झाला तिथून बिनसलं. आठ-आठ दिवस बोलायचा नाही, अंथरूण सोडायचा नाही, आणि मग एकदम भडकायचा. एकदा कपाटाच्या आरशावर मूठ मारली, हाताला टाके पडले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, याला एकटा ठेवू नका. पण एका खोलीत आम्ही पाच माणसं. धाकटी नात दहावीला, ती भावाच्या धास्तीनं शेजारी जाऊन अभ्यास करायची.

शेवटी सुरेश आणि सूनबाई वैशाली यांनी ठरवलं, अठरा पूर्ण झाली की ओंकारला गावच्या खोलीवर ठेवायचं.

नव्या पोरांना ठाऊक नसेल. परळला आपल्या गावाची खोली आहे, मंडळाची. गिरण्या होत्या तेव्हा गावाहून येणारा प्रत्येक बाप्या तिथंच उतरायचा. एक खुंटी आणि वळकटीपुरती जमीन. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. मी अठराव्या वर्षी तिथंच उतरलो. माझी खुंटी अजून माझ्या नावावर आहे. तीच ओंकारला द्यायची होती, म्हणजे मी हो म्हटल्याशिवाय गाडं पुढं जात नव्हतं.

सुरेश म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगता ना, तिथल्या माणसांनी तुम्हाला सरळ केलं?"

सांगतो खरं. पण तेव्हा माणसं होती. मी जाऊन बघून आलो. आता तिघं उरलेत, तिघंही वॉचमन. रात्री ड्युटी, दिवसा तोंडावर चादर. पोरगा तिथं भिंतीशी बोलत बसला असता.

घरी सांगितलं तर सुरेशला पटेना. "नातवाला पाठीशी घालताय तुम्ही."

वैशाली भांडी विसळत होती. बाई वाईट नाही. हात न थांबवता म्हणाली, "अण्णा, मग तुम्हीच सांगा, या घरात एक माणूस कमी कसं करायचं. मला दोन्ही पोरं हवीत."

"मी कमी होतो," मी म्हटलं. "माझी जागा ओंकारला द्या, मधे कपाट घाला. पोरीला कोपरा मिळेल."

"लोक म्हणतील, बापाला बाहेर काढलं," सुरेश म्हणाला.

"सांग त्यांना, म्हातारा हट्टी आहे. नवीन काही नाही त्यात."

खोलीवर ओंकारनं पेटी भिंतीला लावली. रिकाम्या खुंट्यांकडं बघत म्हणाला, "अण्णा, इथं बोर होईल तुम्हाला."

"आणि तुला झालं नसतं काय रे झिला?"

तो हसला नाही, पण लगेच गेलाही नाही. माझी वळकटी सोडून अंथरली, मग गेला.

पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा घर म्हणजे मागं राहिलेली आई. "पोचलास की आधी पोटभर जेव," एवढंच म्हणाली होती. आता विचाराल तर, लोक म्हणतात की जिथं मागायला लाज वाटत नाही ते घर. तसं असेल तर मी बिनघराचाच राहिलो. गावात नाही, चाळीत नाही, मी कुणाकडं तांब्याभर पाणीसुद्धा मागितलं नाही.

खोलीचा जुना नियम, नवा येईल त्यानं सगळ्यांचं पाणी भरायचं. आता नवा मी. ड्युटीवर निघताना तिघं म्हणाले, "अण्णा, तुम्ही राहू द्या." मी म्हटलं, नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. पहिलीच बादली मला अर्ध्या वाटेत खाली ठेवावी लागली. ती तशीच ठेवून मी लालबागला गेलो. ओंकार कपाटाआड झोपला होता. त्याला हलवून म्हटलं, "ऊठ रे. माझ्यानं पाणी उचलत नाही."

तो उठून बसला. म्हणाला, "किती बादल्या?"