गोठ्यामागचं पान

गावाचा इतिहास लिहायचं काम मी आपणहून ओढवून घेतलं. मी गावची लेक, सासरी गेलेली, पण हौस दांडगी. धसईच्या अलीकडचं आमचं गाव. ज्याला विचारावं त्याचा पणजोबा शूर, दानशूर आणि कुस्तीत अजिंक्य. नांगर धरणारं कुणी होतं की नाही, देव जाणे. शेवटी कंटाळून मी आमच्याच घराकडे वळले.

आमच्याकडे सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की आणखी एक पान गोठ्यामागे ठेवतात. ठेवणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. लहानपणी ते काम माझ्याकडे असायचं. मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवायचा आणि मी पळत सुटायचे. अजूनही तिथून जाताना माझी पाठ आखडते. ते पान कुणाचं, हे यंदा मी आत्याला खोदून खोदून विचारलं.

"वाडीवरची बाई होती," आत्या म्हणाली. "आवणीला आलेली, भात लावायला. अंगात ताप. घरी जाते, पोर तान्हा हाय, बोलली. माझे बाबा बोलले, एवढा खाचर लावून झाला का जा. मी न्याहारी घेऊन गेलेली गो. माझ्यासमोर बांधावर जीव गेला तिचा."

त्याच वर्षी गोठ्यातली वासरं दगावली, आणि पान सुरू झालं.

"नाव काय तिचं?"

"मजुरणीचा नाव कोण विचारतो?"

आजोबांचा मला भयंकर राग आला. इतिहासात तिचं नाव तरी यायलाच हवं, म्हणून मी गावाबाहेरच्या वाडीवर गेले. आवणीत बांधावर मेलेली बाई म्हटल्यावर लोकांनी घर दाखवलं. ते तान्हं पोर म्हातारं होऊन वारलं होतं. त्याची मुलगी भेटली, माझ्याच वयाची. वीटभट्टीवर जायची बांधाबांध चालली होती. मी तिला सगळं सांगितलं. पानाचंही सांगितलं, जरा तोऱ्यातच. आम्ही तिला विसरलो नाही, हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

तिचे हात थांबले.

"आमी पण दर साली आजीचा पान ठेवतो," ती म्हणाली. "कावला शिवत नाय. माझा बापूस मरेपर्यंत रडायचा, आय माझ्यावर रुसली म्हणून."

नाव विचारायचंही मला सुचेना.

ती उठून जवळ आली. आवाज चढवला नाही तिनं.

"बाय, तुमचा पान बंद करा. सोडा तिला आता."